इन्सुलकराचं हातउसनं

१

गोटीच्या सोड्याची बाटली फोडण्यात जयराम धुरीचा हात धरणारा मालवणच्या किनाऱ्यावर दुसरा कुणी नाही, असं जयराम स्वतःच सांगायचा. दुसरं कुणी तसं सांगत नव्हतं, पण सोडा पिता पिता वाद कोण घालणार? एस.टी. स्टँडाच्या कुंपणाला चिकटून त्याचं दुकान होतं. वर पत्रा, पुढे फळी आणि मागे गॅस भरायचं जुनं मशीन. कुडाळची गाडी स्टँडात शिरली की तो उठायचा आणि खिडक्यांतले चेहरे बघून किती जणांचे घसे सुकलेत ते ओळखायचा. एक नियम मात्र त्याने कधी मोडला नव्हता. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय बाटली फोडायची नाही, कारण वाया गेलेल्या सोड्याचा जाब त्याची बायको यशोदा संध्याकाळी घ्यायची.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी कोर्टाचा बेलीफ बाळा सायकल हाणत आला. जयरामाने सवयीने दोन बाटल्या फोडल्या. बाळाने सोडा पिऊन ढेकर दिली, मिशी पुसली आणि पिशवीतून समन्स काढून फळीवर ठेवलं.

वादी न्हानू शाबा इन्सुलकर, राहणार इन्सुली, नाक्याजवळ. प्रतिवादी जयराम धुरी. प्रतिवादीने गेल्या वर्षी मशीनच्या दुरुस्तीसाठी वादीकडून पाच हजार रुपये हातउसने घेतले आणि ते परत केले नाहीत. सबब ते व्याजासह मिळावेत, न मिळाल्यास दुकान आणि मशीन जप्त व्हावं.

"कोण ह्यो इन्सुलकर?" जयराम ओरडला. "माका तेचा तोंड पण म्हायत नाय!"

"असा काय करतंस? आताच तर तो माझ्या सायकलीवर मागे बसान इलो, तुझा दुकान दाखवक." बाळाने मागे वळून पाहिलं. कॅरियर रिकामं होतं. "उतारलो वाटता. मेल्याच्या वजनान चढावार माझे पाय मोडले."

"दिसता कसो?"

"माका काय म्हायत? मी फुडे बघी होतंय."

बाळा निघून गेला. जयराम फळीवरच्या बाटल्या उचलायला गेला आणि थांबला. आपण दोन का फोडल्या, हे त्याला काही केल्या आठवेना. दोन्ही रिकाम्या होत्या. बाळा दोन्ही प्यायला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. बेलीफ सोड्याचे पैसे देत नसत, त्यामुळे किती प्यायलास हे विचारायची सोय नव्हती. पण दुसऱ्या बाटलीच्या गळ्यात गोटी अजून खुळखुळत होती, आणि बाळा तर केव्हाच वळणाआड गेला होता.

२

वकील करायला पैसे लागतात, आणि गुरुदास मास्तर फुकट सल्ला देतात. निवृत्त झाल्यापासून मास्तरांचा मुक्काम कोर्टाच्या व्हरांड्यातच असायचा, आणि ऐकून ऐकून त्यांना वकिलांपेक्षा जास्त कळतं असं त्यांचं मत होतं.

"कागद आसा? नाय. साक्षीदार आसा? नाय. मगे घाबारतंस कित्याक?" मास्तर म्हणाले. "पुरावो देवचो तो तेना. तू कोर्टात उभो रव आणि 'नाय' म्हण. एका शब्दाक वकील कित्याक व्हयो?"

जयरामाला हे पटलं. तरी मनाची खात्री करायला तो इन्सुलीला जाऊन आला. तपासणी नाक्यावर ट्रक उभे होते, हवालदार घाम पुसत होते, आणि समन्सातल्या पत्त्यावर काजूची चार झाडं होती. चहावाल्याने नाव ऐकलं आणि तो हसायलाच लागला.

"इन्सुलीत ऱ्हवान कोण स्वतःक इन्सुलकर म्हणता? ता नाव भायर गेल्यार लागता, पावण्यानू. हडे तसो कोण नाय."

जयराम इतका खूश झाला की परतीच्या गाडीत त्याने शेजारच्या अनोळखी बाईला सगळा दावा सांगून टाकला.

घरी यशोदाने मात्र त्याला नीट समोर बसवलं. "अवो, माका खरा सांगा. घेतलास काय?"

"देवाशप्पत नाय!"

"मगे कोर्टात गप रवा. दुकान गेला तर म्हमयक माझ्या भावाच्या खोलीत रवाक लागतला, आणि तो रोज जेवताना उपकार मोजतलो. तुमच्या तोंडाक कुलूप नाय, तेचीच माका भीती."

इन्सुलकराची जयरामाला भीती वाटत नव्हती. पन्नाशी उलटल्यावर मेव्हण्याच्या चटईवर झोपायची मात्र वाटत होती.

३

तारखेला कोर्ट गच्च भरलं होतं. जयरामाच्या ओळखीचे सगळे आले होते, कारण गावात त्या दिवशी दुसरी करमणूक नव्हती. यशोदा मागच्या बाकावर, मास्तर पुढे, बाळा दाराशी. न्यायाधीश साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. इथल्या दमट हवेने हैराण झालेले, आणि इथल्या माणसांनी त्याहून जास्त.

पट्टेवाल्याने नावं पुकारली. जयराम पुढे झाला आणि पाहतो तर वादी आधीच उभा होता. तो कधी आत आला ते जयरामाला दिसलंच नाही. पांढरा सदरा, बगलेत छत्री. खिडकीला पाठ करून उभा राहिल्यामुळे त्याच्या तोंडावर अंधार होता. जयरामाने मान इकडे करून पाहिली, तिकडे करून पाहिली. कुठूनही तो खिडकीच्या मधोमधच दिसायचा.

"तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा," न्यायाधीश म्हणाले.

वादी हळू आवाजात बोलू लागला. आधी नुसतं बोलणं होतं. मग हळूहळू त्याला चाल लागली.

"बा न्यायाच्या धन्या म्हाराजा, ह्या जयरामान गेल्या साली हात पसरून माझ्याकडना पैशे घेतल्यान, आणि आज माका वळखणा नाय म्हणता, तर तेचो काय तो निवाडो तुझ्या पायाकडे होवांदे रे म्हाराजाऽऽ..."

आणि तो थांबला.

आता, हे थांबणं ज्याला कळत नाही तो या किनाऱ्यावरचा नाही. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकार असाच शेवटचा शब्द लांबवून थांबतो, आणि ती मोकळी जागा भरायचं काम जमलेल्या सगळ्यांचं असतं. गाऱ्हाणं कुणाचं, कशाबद्दल, हे कुणी बघत नाही. आईच्या कडेवर असल्यापासून ती सवय जिभेला लागलेली असते.

"व्हय म्हाराजा!" अख्खं कोर्ट म्हणालं.

सगळ्यांत मोठा आवाज जयरामाचा होता. गावच्या जत्रेत तोच पहिला सूर लावायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता.

न्यायाधीशांच्या हातातलं पेन खाली पडलं. "हे काय चाललंय?"

"साहेब, गाऱ्हाणं," शिरस्तेदार चाचरत म्हणाला. "इकडची पद्धत आहे."

"तुम्हीसुद्धा ओरडलात?"

"चुकून, साहेब."

न्यायाधीश जयरामाकडे वळले. "प्रतिवादी, तुम्ही आत्ता होय म्हणालात. ही कर्जाची कबुली समजायची का?"

जयरामाने आपलं ठेवणीतलं शुद्ध मराठी काढलं. "नाही साहेब! ते आपलं तोंडातून गेलं."

"कुणाच्या तोंडातून?"

"माझ्याच, साहेब. पण मी नाही म्हणालो."

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. पुढची तारीख देताना त्यांनी बजावलं की यापुढे होय म्हटलं की ते होय म्हणूनच लिहिलं जाईल. जयरामाने घाम पुसून खिडकीकडे पाहिलं. तिथे नुसतं ऊन होतं.

४

दुसऱ्या दिवशी बाळा बेलीफ सोडा प्यायला आला आणि सहज म्हणाला, "कायव म्हण, न्हानू माणूस बरो आसा."

"तुका काय म्हायत? तू तर फुडे बघी होतंस!"

"अरे, लहानपणापासून बघतंय तेका." बाळा हे अगदी साधेपणाने बोलला.

संध्याकाळी मास्तर आले. त्यांचंही तेच. "जयराम, माझ्या डोक्यात उजेड पडलो. न्हानू म्हणजे तो मां, तुझ्या दुकानाच्या बाकड्यार छत्री घेवन बसायचो तो?"

"मास्तरानू, माझ्या दुकानात बाकडा खंय आसा?"

मास्तरांनी दुकानाकडे पाहिलं, डोकं खाजवलं, आणि वय झालं असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले. जयराम बराच वेळ हसत राहिला. त्याच्या गिऱ्हाइकांनी उभ्याने प्यायचं आणि गाडी पकडायची, बाकडं टाकलं तर लोक बसून राहतात, हे त्याचं धंद्याचं तत्त्व होतं.

सकाळी दुकान उघडायला गेला तेव्हा फळीशेजारी बाकडं होतं.

कुणीतरी आणून टाकलं असेल, हा त्याचा पहिला विचार. शहाण्या माणसाला दुसरा विचार सुचूच नये. पण बाकडं नवं नव्हतं. वर्षानुवर्षं बसून बसून मधली जागा गुळगुळीत झाली होती, आणि त्याचे पाय सिमेंटात रोवलेले होते. ते सिमेंटही जुनं, शेवाळलेलं. जयरामाने स्टँडच्या कंट्रोलरला विचारलं. पेरूवालीला विचारलं. दोघांनीही त्याच्याकडे काळजीने पाहिलं. बाकडं नेहमीच तिथे होतं, म्हणाले. पेरूवालीने तर त्याला उन्हात फिरू नकोस असं सांगून एक पेरू दिला, फुकट. ती बाई फुकट काही देते, याचीच जयरामाला जास्त भीती वाटली.

दुपारी कुडाळची गाडी लागली तेव्हा गर्दी झाली. बाकड्यावर दोन्ही कडांना माणसं बसली, दाटीवाटीने. मध्ये एका माणसापुरती जागा रिकामी होती, पण उभ्या असलेल्यांपैकी कुणीच तिथे बसत नव्हतं.

५

घरी जाऊन तो यशोदाला म्हणाला, "अगो, सगळो गाव पिसाळलो. न्हानूक म्हणे सगळे वळखतत."

यशोदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "वळखणार नाय तर काय? गेल्या साली आपल्याकडे चाय पिवक बसलो नाय काय? बिनसाखरेची."

जयराम पाट ओढून तिच्यासमोर बसला. "यशोदा, मी पैशे घेतलंय काय?"

"नाय."

"मगे?"

"तुमी घेतलास नाय, ता खरा. पण न्हानून दिल्यान, ता पण खरा." ती स्वतःच क्षणभर गोंधळली, आणि मग तिने भाकरी तव्यावर टाकली.

तेव्हा जयरामाच्या डोक्यात हिशेब जुळायला लागला, आणि तो जुळू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. कोर्टात जे जे त्या दिवशी व्हय म्हणाले त्यांना त्यांना न्हानू आठवायला लागला होता. स्टँडवरचा कंट्रोलर तिथे होता. पेरूवालीही होती. इन्सुलीचा चहावाला नव्हता, त्यामुळे त्याला कुणी आठवत नव्हतं. पुरावा नाही म्हणून मास्तर निश्चिंत होते. पण तो माणूस पुरावा आणत नव्हताच. तो सगळ्यांकडून वदवून घेत होता, आणि वदलेलं मागाहून खरं होत होतं.

असं काही नसतं, असं जयरामाने स्वतःला सांगितलं. जेवून जरा पडून राहिला. आणि डोळा लागता लागता त्याला एक हात दिसला. पुढे केलेला, ओंजळीत नोटा, नोटांना छत्रीच्या ओल्या कापडाचा वास. मागून आपलाच आवाज म्हणाला, "तुझे उपकार कसे फेडू?"

तो ताडकन उठून बसला. सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हणालो ते आपण, हे त्याला आठवलं. आणखी एकदा म्हटलं की संपलं. घाबरून त्याला घाम फुटला, आणि त्या घामातच त्याला उपाय सुचला.

६

मालवणी खटखटे लाडू ज्याने खाल्लेत त्याला सांगायला नको. शेव-गुळाचा हा लाडू दगडासारखा कडक असतो, आणि तोंडात गेला की माणूस निदान अर्धा तास समाजातून उठतो. जयरामाने बाजारातला सगळ्यांत मोठा निवडला. कैफियत मास्तरांकडून आधीच लिहून घेतली होती, "मी पैसे घेतलेले नाहीत" एवढीच. ती शिरस्तेदाराच्या हातात दिली, हात जोडले, आणि दारातच लाडू तोंडात सरकवला.

"प्रतिवादीच्या गालाला काय झालंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दाढ, साहेब," मास्तर म्हणाले. त्यांचा तसाच समज झाला होता.

वादी खिडकीत उभा होता. न्यायाधीशांनी कागद मागितला. कागद नव्हता. साक्षीदार मागितला. वादीने नुसता हात फिरवून भरलेलं कोर्ट दाखवलं आणि चाल धरली.

"बा न्यायाच्या धन्या म्हाराजा, ज्या कोणी माका बघल्यानी, ज्या कोणी माझ्या वांगडा चाय घेतल्यानी, तेंच्या तोंडात खरा येवांदे, आणि माझा काय ता माका गावांदे रे म्हाराजाऽऽ..."

"व्हय म्हाराजा!"

खिडक्यांची तावदानं थरथरली. यशोदा म्हणाली, मास्तर म्हणाले, बाळा म्हणाला, बाहेर व्हरांड्यात दुसऱ्याच दाव्याला आलेली माणसं म्हणाली. जयरामाच्या घशातून तो शब्द वर आला, लाडवावर आदळला आणि परत गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर पाहतो तर न्यायाधीशांचे ओठ उघडले होते. साताऱ्याचा माणूस, पण त्याच्याही तोंडातून "व्ह..." एवढं बाहेर पडलं. मग त्यांना खोकला आला आणि ते घटाघटा पाणी प्यायले.

निकाल त्यांनी भराभर सांगितला, जणू खोली सोडायची घाई होती. सगळ्यांनी एका सुरात ओरडणं म्हणजे साक्ष नव्हे. वादीला कर्ज शाबीत करता आलेलं नाही. दावा खर्चासह रद्द. प्रतिवादीचा खर्च वादीने द्यावा.

जयराम जिंकला! त्याने दोन्ही हात वर केले. बोलता येत नव्हतं म्हणून जागच्या जागी उडी मारली. गंभीर बसलेली यशोदासुद्धा हसली आणि जेवणाचं बघायला पुढे निघाली. मास्तर आणि बाळा जेवायचं आमंत्रण गृहीत धरून तिच्यामागून गेले.

तेव्हा वादी पहिल्यांदा थेट जयरामाकडे वळला. उजेड मागेच राहिला.

"खर्चाचे पैशे मी घराकडे हाडून देतंय," तो नम्रपणे म्हणाला. "आताच."

"वादी रक्कम तुमच्या घरी आणून द्यायला तयार आहेत," न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं. "तुमची काही हरकत?"

नको, असं जयरामाला ओरडायचं होतं. घरी नको, कुठेही दे, देऊच नको! त्याने जीव खाऊन लाडू चावला. दाढ कडकडली, लाडू हलला नाही. त्याने हात हलवले, मान हलवली, पण न्यायाधीशांचं लक्ष कागदात होतं.

"प्रतिवादीची हरकत नाही," असं म्हणत त्यांनी लिहिलं आणि सही केली.

७

लाडू त्याने कोर्टाच्या पायरीवर दोन बोटांनी उपसून काढला. वादी कुठेच नव्हता. जयराम धावत सुटला. इतकी वर्षं बसून सोडा विकलेला माणूस, धापा टाकत, धोतर सावरत, बाजारातून, माडांच्या बागेतून. लोक हाका मारून अभिनंदन करत होते, आणि त्याला थांबायला वेळ नव्हता. धावताना तो स्वतःला सांगत होता की आपण जिंकलोय, कागद आपल्या बाजूने आहे, आणि तो माणूस फार तर पैसे देऊन जाईल.

अंगणात शिरला तेव्हा घरातून तळलेल्या बांगड्याचा वास येत होता. आत माणसांची कुजबुज होती. मग ती थांबली आणि तो हळू आवाज सुरू झाला.

"बा ह्या घराच्या धन्या म्हाराजा, कोर्टान आज माका ह्या घरात धाडल्यान. आता ह्या घरात मी आसय, हे माझे म्हणान बसले आसत. भायर जो कोण उभो आसा तेची ह्या घराक वळख नाय, तर तेका आपल्या वाटेक लाव रे म्हाराजाऽऽ..."

जयरामाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"व्हय म्हाराजा!"

यशोदाचा आवाज त्याने ओळखला. मास्तरांचा, बाळाचा ओळखला. आणि त्या सगळ्यांच्या वर, सगळ्यांच्या आधी, जत्रेत लागतो तसा भरदार पहिला सूर लावणारा आवाजही त्याने ओळखला. तो त्याचा स्वतःचा होता. तळहातांखाली त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

दार अर्धं उघडं होतं. आत त्याच्या पाटावर कुणीतरी जेवायला बसलं होतं, दाराकडे पाठ करून. सदरा काढून ठेवलेला. न्हावी मागे आरसा धरतो तेव्हा आपली जी मान आपल्याला दिसते, तीच ती मान होती. तसाच मागे तीळ, तशीच सुरकुती.

पावलांचा आवाज ऐकून यशोदा हात पुसत दाराशी आली. तिने जयरामाकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पदर नीट केला. आयुष्यभर ती त्याच्याशी भांडली, हसली, रडली, ते सगळं मालवणीत. शुद्ध मराठी ती फक्त तलाठ्याशी नाहीतर लस टोचायला येणाऱ्या सरकारी माणसांशी बोलायची.

"कोण पाहिजे आपल्याला?" तिने विचारलं.